पार्क झाल्यानंतरची रात्र

रात्री आठच्या सुमारास खोपोलीजवळच्या इमॅजिका थीम पार्कच्या पार्किंगमध्ये नुसतं पाच मिनिटं उभं राहिलं, तरी मुक्काम कधी करायचा याचं उत्तर समोर दिसतं. धाकटं कडेवर झोपलेलं असतं. थोरल्याच्या सँडलचा पट्टा निघालेला असतो. ओल्या कपड्यांची पिशवी डिकीत ठेवताना तिच्यातून पाणी ठिबकत असतं. आणि दिवसभर सगळ्यांच्या बरोबरीने रांगेत उभा राहिलेला माणूस गाडीची किल्ली हातात घेऊन नाशिकचा रस्ता बघत असतो. दोनशेच्या आसपास किलोमीटर, मध्ये सह्याद्रीचा चढ, पावसाळा असेल तर कसाऱ्याला धुकं. या वेळी घरी निघणं हा त्या सगळ्या सहलीतला सर्वांत धोक्याचा भाग असतो. हॉटेलचे पैसे मात्र बहुतेकांनी आदल्या रात्रीवर खर्च केलेले असतात.

नाशिकहून जाणारी कुटुंबं आदल्या रात्रीचंच हॉटेल शोधतात, त्यामागचा विचार सरळ आहे : सकाळी ताजेतवाने उठू, पहिल्यांदा आत शिरू, दिवस पुरेपूर वापरू. ऐकायला बरोबर वाटतं. पण पार्क उघडतं साधारण साडेदहा-अकराच्या सुमारास. पहाटे साडेपाचला नाशिकचा मुंबई नाका सोडला तर चहापाण्याला थांबूनही दहा-साडेदहापर्यंत फाटकाशी पोचता येतं. म्हणजे आदल्या रात्रीच्या खोलीने आपल्याला दिली ती दीड-दोन तासांची जादा झोप. पार्कनंतरच्या रात्रीची खोली देते ती दमलेल्या माणसाच्या हातून स्टिअरिंग काढून घेण्याची सोय. दोन्हींचं भाडं एकच. म्हणून एकच रात्र परवडत असेल तर ती पार्कनंतरची घ्या. बाकी सगळा हिशेब त्यानंतर.

याचे छोटे फायदेही पुष्कळ आहेत. चेक-इन दुपारी दोनला आणि चेक-आउट सकाळी अकराला, ही हॉटेलांची सर्वसाधारण वेळ. आदल्या रात्री राहिलात तर सकाळी साडेनऊला खोली रिकामी करावी लागते, नाश्ता घाईत उरकतो आणि सामान दिवसभर उन्हात डिकीत राहतं. नंतरच्या रात्री राहिलात तर सकाळी आठ-नऊला उठा, पैसे भरलेला नाश्ता निवांत बसून करा, अकराला निघा. फक्त एक काळजी घ्यायची. रात्री नऊला येणाऱ्या पाहुण्याची खोली गर्दीच्या दिवशी दुसऱ्याला दिली जाण्याची भीती असते. सकाळी पार्कमध्ये शिरण्यापूर्वीच रिसेप्शनला फोन करून ‘लेट चेक-इन आहे, नऊपर्यंत येतो’ असं सांगावं आणि शक्य झालं तर थोडे पैसे आधी भरून ठेवावेत.

अपवाद आहेत. मालेगाव, सटाणा, कळवणकडून निघणाऱ्यांना आणखी दोन-अडीच तास जोडावे लागतात. गाडी लागणारं लहान मूल किंवा गुडघे दुखणारी आजी सोबत असेल तर पहाटेचा लांब प्रवास करून लगेच दिवसभर चालणं बरं नाही. अशांनी दोन्ही रात्री घ्याव्यात, हवी तर साध्या हॉटेलात. रेल्वेने जाणाऱ्यांचं गणित तर पूर्ण उलटं आहे. सकाळची पंचवटी एक्स्प्रेस पकडून कल्याण, तिथून खोपोली लोकल. थेट खोपोलीला जाणाऱ्या लोकल मोजक्याच असतात, नाहीतर कर्जतला गाडी बदलायची; पुढे खोपोली स्टेशनवरून रिक्षा. हे सगळं जुळून आलं तरी फाटकाशी पोचायला दुपार होते आणि पूर्ण दिवसाच्या तिकिटातला मोठा तुकडा वाया जातो. रेल्वेवाल्यांनी आदल्या संध्याकाळीच खोपोली गाठावी.

आता रस्ता, कारण राहायची जागा रस्त्यावरून ठरते. बरेच नाशिककर सवयीने भिवंडी-कल्याण-शीळफाटा-पनवेल असे जातात आणि शीळफाट्याच्या गर्दीत तास घालवतात. त्यापेक्षा शहापूरहून मुरबाड, कर्जत, खोपोली आणि पुढे पालीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५४८-अ आहे. इमॅजिका खोपोली-पाली रस्त्यावरच आहे, त्यामुळे शहापूरला एकदा वळलात की तो रस्ता तुम्हाला नेऊन सोडतो. शहापूरपर्यंत कसारा घाटाने या, नाहीतर इगतपुरीजवळ समृद्धी महामार्गावर चढा. ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्याने कसाऱ्याची वळणं टाळता येऊ लागली. दुचाकीला समृद्धीवर परवानगी नाही, हे लक्षात असू द्या. मुरबाड-कर्जतचा रस्ता दिवसा सुखाचा आहे. रात्री मात्र गावं, गुरं आणि अंधाराचे लांब पट्टे लागतात. परतीचा प्रवास दुसऱ्या दिवशी उजेडात करा म्हणतो, ते यासाठीही.

मुक्कामाच्या जागा पाच-सहा आहेत. त्यांतली सर्वांत लोकप्रिय आहे लोणावळा आणि माझ्या मते या सहलीसाठी तीच सर्वांत चुकीची.

अंतर बघितलं तर लोणावळा काही फार लांब नाही. पण लोणावळा आहे सुमारे ६२० मीटर उंचीवर आणि खोपोली घाटाच्या पायथ्याला. मधला बोरघाट शनिवार-रविवारी आणि जोडून आलेल्या सुट्यांत गाड्यांनी तुंबतो. रात्री आठला झोपलेली मुलं घेऊन हा घाट चढायचा आणि दुसऱ्या दिवशी नाशिकला येण्यासाठी पुन्हा तोच उतरायचा, किंवा चाकणची कोंडी सोसत संगमनेर-सिन्नरमार्गे लांबचा वळसा घ्यायचा. लोणावळ्यालाच दोन दिवस फिरायचं असेल, कार्ल्याच्या एकवीरेला जायचं असेल, एमटीडीसीच्या कार्ला रिसॉर्टमध्ये जागा मिळाली असेल, तर गोष्ट वेगळी. नुसत्या पार्कसाठी जाणार असाल तर उशी घाटाच्या खालच्या बाजूलाच असावी.

पार्कला लागूनच नोव्होटेल आहे. सहलीत वॉटर पार्क आणि थीम पार्क असे दोन दिवस असतील, सोबत चार-पाच वर्षांचं मूल असेल, तर तिथले जादा पैसे वसूल होतात : दुपारी मूल झोपवायला खोलीवर आणता येतं, रात्री गाडी काढावी लागत नाही. एक दिवसाच्या पार्कसाठी रात्री नऊला शिरून सकाळी अकराला निघणार असाल तर स्विमिंग पूल, बागा, खेळण्याची खोली या सगळ्याचं भाडं भरूनही त्यांचा उपयोग होत नाही.

खोपोली गावात आणि जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर मध्यम हॉटेलं, लॉज आहेत. सोय चांगली, जेवण मिळतं, एटीएम-मेडिकल हाताशी. दोष एकच आणि तो झोपल्यावर कळतो : घाट चढायला ट्रक खालच्या गिअरमध्ये घोंघावत जातात. रस्त्याकडेची खोली मिळाली तर रात्रभर ते ऐकत पडावं लागतं. बुकिंग करतानाच ‘मागच्या बाजूची खोली’ असं सांगा आणि पोचल्यावर सामान वर नेण्याआधी खिडकी कुठे उघडते ते बघा.

कर्जत मला नाशिककरांसाठी सर्वांत शहाणपणाचं वाटतं. पार्कपासून ते थोडं लांब पडतं, पण परतीच्या वाटेवरच आहे. त्या रात्री गाडी चालवलेला पाऊण-एक तास दुसऱ्या दिवशीच्या प्रवासातून वजा होतो. फक्त कर्जतमध्ये हॉटेल घ्या, फार्महाऊस नको. फार्महाऊस मुख्य रस्त्यापासून आत, कच्च्या वाटेवर असतात. अंधारात नकाशा भलत्याच बांधावर नेऊन सोडतो. स्वयंपाक करणारी बाई संध्याकाळीच घरी गेलेली असते आणि ताटं आधी सांगितली नसतील तर उपाशी झोपायची वेळ येते. शिवाय भाडं अख्ख्या घराचं असतं. तीन-चार कुटुंबं, पंधराएक माणसं आणि दुसरा पूर्ण दिवस तिथेच घालवायचा, असं असेल तर फार्महाऊससारखी मजा नाही. मग केअरटेकरशी व्हिडिओ कॉल करून घर प्रत्यक्ष बघा आणि मगच ॲडव्हान्स पाठवा. दुसऱ्याच्या बंगल्याचे फोटो लावून यूपीआयवर ॲडव्हान्स घ्यायचा आणि नंतर फोन बंद, ही फसवणूक या पट्ट्यात नवी नाही.

आणि एक जागा, जी मराठी माणसाच्या ओळखीची असूनही या सहलीत त्याला आठवत नाही : पाली. अष्टविनायकांतल्या बल्लाळेश्वराचं पाली याच रस्त्यावर पुढे, पार्कपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर. देवस्थानचं भक्तनिवास आणि गावातली साधी, स्वच्छ लॉजं यांचे दर लोणावळ्याशी तुलनाच करू नये असे असतात. सकाळी गणपतीचं दर्शन, परतताना खोपोलीजवळ महडचा वरदविनायक. एका सहलीत आठांतले दोन गणपती होतात. मात्र कॅलेंडर बघितल्याशिवाय पाली ठरवू नका. संकष्टी, त्यातही अंगारकी, भाद्रपदातला आणि माघातला उत्सव, या दिवसांत तिथे खोली मिळणं कठीण.

दर कसे चढतात हे नाशिककराला वेगळं सांगायला नको. तिसऱ्या श्रावणी सोमवारच्या आदल्या रात्री त्र्यंबकेश्वरला खोली शोधलेल्या माणसाला ते कळलेलं असतं. रिकामी राहिलेली खोली सकाळी मालकाला काही देत नाही, म्हणून मंगळवारी तो कमी दरात देतो. शनिवारी एका खोलीमागे चार गिऱ्हाईकं असतात, म्हणून तीच खोली महाग होते. यातून सरळ निघणारा फायदा रविवारच्या रात्रीचा. सोमवारी ऑफिस आणि शाळा असल्याने रविवारी दुपारनंतर हॉटेलं रिकामी होतात आणि दर उतरतात. मे महिन्यात, दिवाळीच्या सुटीत मुलांना सोमवारची घाई नसते. तेव्हा सोमवारी किंवा मंगळवारी पार्क आणि त्याच रात्री मुक्काम ठेवा : खोली स्वस्त, रांगा आखूड, रस्ता मोकळा. तारीख पक्की करण्याआधी त्या दिवशी पार्क चालू आहे का आणि वेळ काय, हे त्यांच्या संकेतस्थळावर बघायचं. आधी रद्द करता येणारी खोली, मग पार्कचं तिकीट, हा क्रम ठेवा. बहुतेक लोक नेमका उलटा ठेवतात आणि तिकिटाच्या तारखेला मिळेल ती खोली मिळेल त्या दराने घेतात.

पावसाळ्यात एक गंमत होते. जुलै-ऑगस्टमध्ये पार्कची गर्दी ओसरते, कारण मुसळधार पाऊस आणि विजा असल्या की उंचावरच्या राइड थांबवाव्या लागतात. पण त्याच महिन्यांत भुशी धरण बघायला मुंबई-पुणे लोटतं आणि लोणावळ्याचे शनिवारचे दर वर्षातल्या सर्वांत चढ्या दरांत जातात. म्हणजे पार्कचा मंदीचा हंगाम आणि लोणावळ्याचा तेजीचा हंगाम एकच. ज्यांना भिजायला हरकत नाही, बंद छताखालच्या राइडही चालतील, त्यांनी पावसाळ्यात मधल्या वारी जावं आणि खाली खोपोलीत राहावं.

आता आकडे. फलकावरचा किंवा ॲपवरचा दर हा खोलीचा खरा दर नसतो. हॉटेलवाले चार लघुरूपांची भाषा बोलतात, ती शिकून घ्या. ईपी म्हणजे नुसती खोली. सीपी म्हणजे खोली आणि नाश्ता. एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण. एपी म्हणजे सगळी जेवणं. पार्कच्या दिवशी एपी घेऊ नका, कारण दुपारचं जेवण पार्कमध्येच होतं; बाहेरचं खाणं आत नेता येत नाही. सीपी पुरेसं आहे.

समजा दोघं नवरा-बायको, तेरा वर्षांची मुलगी आणि आठ वर्षांचा मुलगा. एका हॉटेलात ईपी दर ४,००० रुपये दिसतो, दुसऱ्यात सीपी ५,५०० आणि मुलांसह. पहिलं स्वस्त वाटतं. पण तिथे मुलीसाठी एक्स्ट्रा बेडचे १,००० लागले, त्या ५,००० वर ५ टक्के जीएसटी २५०, चौघांचा नाश्ता प्रत्येकी २५० प्रमाणे १,००० आणि त्यावरचा कर ५०. झाले ६,३००. दुसऱ्या हॉटेलात ५,५०० वर २७५ कर, एकूण ५,७७५. स्वस्त दिसणारी खोली सव्वापाचशेने महाग पडली. मुलांच्या वयाची अट आधी विचारा. बहुतेक ठिकाणी पाचपर्यंत फुकट, बारापर्यंत गादीशिवाय कमी दर आणि पुढे मोठ्या माणसाएवढा. पार्कमध्ये अनेकदा मुलांचं तिकीट उंचीवर ठरतं, वयावर नाही, तेव्हा एकच मूल एकीकडे लहान आणि दुसरीकडे मोठं धरलं जाऊ शकतं.

कराची एक रेघ तर पाठच करावी : ७,५०० रुपये. २२ सप्टेंबर २०२५ पासून एका रात्रीला ७,५०० पर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, त्याच्यावर गेलं की पूर्ण रकमेवर १८ टक्के. ७,४०० च्या खोलीचे होतात ७,७७०. ७,६०० च्या खोलीचे ८,९६८. दोनशे रुपयांच्या फरकाने बिल जवळपास बाराशेनी वाढतं. शनिवारी मोठ्या रिसॉर्टचा दर या रेघेच्या जरा वर दिसला तर शुक्रवार किंवा रविवार बघा, किंवा सरळ फोन करून ‘साडेसात हजारांत बसवता का’ असं विचारा. भरलेल्या हॉटेलात नाही म्हणतील, रिकाम्या हॉटेलात बसवतात. ज्या हॉटेलात ७,५०० च्या वरच्या खोल्या आहेत तिथल्या रेस्टॉरंटचा करही साधारण १८ टक्के लागतो, साध्या हॉटेलात ५. रात्रीचं जेवण बाहेर खोपोलीत उरकून खोलीवर जाणं म्हणूनही परवडतं.

ॲपवर दर बघावा आणि हॉटेलला फोनही करावा. ॲपचं कमिशन वाचत असेल तर मालक त्याच दरात नाश्ता किंवा एक्स्ट्रा बेड देतो. पण फोनवर ठरवलंत तर एकूण रक्कम करासह, काय काय त्यात आहे आणि रद्द केल्यास किती परत मिळेल, हे तीन मुद्दे व्हॉट्सॲपवर लिहून मागवा. ॲपवरून घेतलंत तर दोन दिवस आधी रिसेप्शनवर आपलं नाव त्यांच्या वहीत आहे का, हे तपासा. छोट्या हॉटेलांत बुकिंग ॲपवर होतं आणि काउंटरवरच्या माणसापर्यंत पोचतच नाही, असं घडतं.

त्या फोनवर दर विचारून झाला की आणखी तीन प्रश्न विचारायचे, आणि मला दरापेक्षा तेच जास्त महत्त्वाचे वाटतात. रात्री गरम पाणी मिळतं का? बऱ्याच हॉटेलांत सोलरचं पाणी सकाळी सहा ते नऊ एवढंच येतं; वॉटर पार्कच्या क्लोरीनने अंग खाजत असताना रात्री नऊला गार पाण्याची आंघोळ लहान मुलाला सोसत नाही. खोलीत स्वतंत्र गिझर आहे का, असं स्पष्ट विचारा. किचन किती वाजता बंद होतं? आणि लाइट गेले तर एसी जनरेटरवर चालतो की नुसता पंखा? पावसाळ्यात आणि मेमध्ये हा प्रश्न नक्की विचारा. जमलं तर गॅलरी असलेली खोली मागा. वॉटर पार्कमध्ये सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनचेच लागतात. ते दोरीवर टाकले की पंख्याच्या वाऱ्यावरही सकाळपर्यंत सुकतात. टॉवेल मात्र सुकत नाहीत, ते हॉटेलचेच वापरा. सोबत दहा फूट नायलॉनची दोरी, चार चिमटे आणि एक मोठी प्लास्टिकची पिशवी असू द्या. सर्व मोठ्या माणसांची ओळखपत्रं मूळ स्वरूपात हवीत, एकाच्या आधारवर खोली मिळेल असं धरून चालू नका.

आता वॉटर पार्कचा जवळचा पर्याय, शिर्डी, थोडक्यात. इमॅजिकाची मालकी २०२२ पासून संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे आहे आणि शिर्डीतलं वेट अँड जॉय वॉटर पार्क, साईतीर्थ थीम पार्क हे प्रकल्पही मालपाणींनीच उभे केले. नाशिकहून शिर्डी नव्वदेक किलोमीटर, सिन्नरमार्गे दोन तासांचा सरळ रस्ता. नुसत्या वॉटर पार्कसाठी तिथे खोली घ्यायची गरज नाही, संध्याकाळी सहाला निघून आठला घरी येता. पहाटेच्या काकड आरतीला थांबायचं असेल तरच राहा, आणि तेव्हा संस्थानचं भक्तनिवास आधी ऑनलाइन बघा. गुरुवार, रामनवमी, गुरुपौर्णिमा, दसरा आणि डिसेंबरचा शेवटचा आठवडा टाळा. बुधवारच्या संध्याकाळपासूनच खोल्या भरायला लागतात, म्हणून सोमवार-मंगळवार धरा.

परत खोपोलीकडे. पार्कच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मुलं नऊला उठतात, पोटऱ्या दुखत असतात, भूक प्रचंड लागलेली असते. नाश्ता संपण्याच्या वेळेआधी अर्धा तास खाली उतरा, कारण दहानंतर गरम काही उरत नाही. गॅलरीतले कपडे काढा, गिझर आणि चार्जर बंद करा, पलंगाखाली एकदा वाकून बघा. चप्पल तिथेच राहते. अकराला निघालात तर महडला साडेअकरा, तासभर दर्शन. कर्जत, मुरबाड करत अडीच-तीनपर्यंत शहापूरला जेवण. तिथून घाटाने आलात किंवा समृद्धीने, नाशिकच्या पाथर्डी फाट्यावर पोचाल तेव्हा पांडवलेणीवर ऊन असेल.